उठलो तर पडेन

टाइम ऑफिसच्या खिडकीशी एक स्टूल आणून ठेवायचं मी ठरवलं, तेव्हा माझ्या डोक्यात लढा, चळवळ, कामगारांचे हक्क असलं काहीही नव्हतं. डोक्यात फक्त चक्कर होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लोकांनी त्या स्टुलाचे वाट्टेल ते अर्थ लावले आणि मी (आता लपवण्यात काय अर्थ?) त्यातला एकही नाकारला नाही.

मी मधुसूदन आगाशे. चिंचवडला मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत टाइमकीपर. मोटारी म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या नव्हेत, विहिरीवरच्या पंपाला जोडतात त्या विजेच्या. (लग्न ठरताना सासरच्या मंडळींचा या शब्दावरून थोडा गैरसमज झाला होता. सप्तपदी होईपर्यंत मी तो दूर केला नाही.)

एकोणऐंशी सालच्या जानेवारीपर्यंत माझं वजन शहाण्णव किलो होतं आणि पोटात अल्सर होता. पुण्याच्या सर्जननी पोट उघडलं आणि जठराचा दोन तृतीयांश भाग कापून टाकला. घरी सोडताना म्हणाले, "आता उरलंय ते वाटीएवढं. थोडं थोडं खायचं, दिवसातून सहा वेळा. गोड बंद. जेवताना पाणी नाही. आणि जेवल्यावर वीस मिनिटं आडवं व्हायचं." यातली शेवटची सूचना मी ऑपरेशनच्या आधीपासून कंपनीत पाळत होतो, पण ते त्यांना सांगितलं नाही.

सहा महिन्यांत एकतीस किलो गेले. पँट कमरेला दोन वेढे घेऊ लागली. आमच्या चाळीत अशी बातमी पसरली की आगाशेंनी चरबी काढायचं ऑपरेशन केलं. शेजारच्या कुसुमताई आमच्या हिला, म्हणजे वासंतीला, विचारायला आल्या, "सगळी एकदम काढतात, की थोडी थोडी बोलावून काढतात?" पुढे दोन महिने चाळीतल्या बायका मला पाहिलं की आधी माझ्या पोटाकडे बघत आणि मग आपापल्या नवऱ्याच्या.

वजन गेलं ते गेलं, पण जाताना माझा तोल घेऊन गेलं. बसल्या जागी मी ठणठणीत. उठलो की पंचाईत. आधी मी उठायचो, मग माझं डोकं उठायचं, आणि रक्त मागच्या बसने यायचं. ते पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काळोख, कानात कुकरच्या शिट्ट्या. एकदा आंघोळीला म्हणून उठलो आणि वासंती कणीक मळत होती त्या परातीत दोन्ही हात कोपरापर्यंत रोवून थांबलो. ती म्हणाली, "अहो, मळायचीच होती तर हात तरी धुऊन यायचं."

त्यातून गोड पोटात गेलं तर विचारूच नका. ते वाटीएवढं पोट गोड जराही ठेवून घेत नसे, तसंच खाली ढकलून द्यायचं. पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड आणि सगळी खोली माझ्याभोवती प्रदक्षिणा घालते आहे असं वाटायचं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दंडाला पट्टा बांधून हवा भरली, सोडली आणि म्हणाला, "बीपी बिघडलंय." डॉक्टर गावाला गेले होते. वासंतीनं ते शब्द घरी आणले आणि कपाट उघडलं.

"बीपी बिघडलंय ना? मग बीपीची गोळी आहेच की आपल्याकडे."

होती. मी शहाण्णव किलोंचा असल्यापासून रोज सकाळी एक घेत होतो. ऑपरेशननंतरही ती कुणी बंद कर म्हटलं नाही म्हणून चालूच होती. वासंतीनं त्या दिवसापासून दोन केल्या. शिवाय लिंबू-मीठ-पाणी. ते कंपनीत न्यायला तिनं रद्दीवाल्याकडून एक चपटी बाटली आणली, खिशात नीट बसावी म्हणून. बाटली पूर्वी कसली होती ते तिनं विचारलं नाही. रद्दीवाला सांगायच्या भानगडीत पडला नाही.

दोन गोळ्या सुरू झाल्यावर मी पूर्वीपेक्षा नियमित पडू लागलो.

आता माझं काम असं की शिफ्ट बदलताना खिडकीशी उभं राहायचं आणि तीनशे माणसांची कार्डं नीट पंच होताहेत ना ते बघायचं. अर्धा तास उभं. तिसऱ्या मिनिटाला मला तीनशेची सहाशे माणसं दिसायला लागायची. म्हणून एका सोमवारी मी पॅकिंग खात्यात गेलो, कोपऱ्यात पडलेलं एक लाकडी स्टूल उचललं आणि खिडकीशी आणून त्यावर बसलो. एवढंच केलं. माणूस आयुष्यात किती वेळा बसतो! पण हे बसणं मला फार लांब घेऊन गेलं.

त्या दिवशी रांगेत शालनबाई होत्या. वाइंडिंग खात्यात तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायच्या मशिनवर बावीस बायका काम करत. शालनबाई त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या. मोशीहून पहाटेची एसटी धरून यायच्या. कार्ड पंच करून त्या तिथंच थांबल्या.

"आगाशेभाऊ, बसून काम करताय व्हय?"

"चक्कर येते हो, शालनबाई. उभं राहवत नाही."

"मंग आमाला न्हाई येत व्हय? आठ आठ तास मशिनम्होरं उभ्या असतो आमी. परवा इंदुताई मशिनवर पडली. पानी मारलं आन परत उभी केली तिला."

मागे रांग खोळंबली होती. लोक ओरडायला लागले होते. रांग पुढं सरकावी एवढ्याच शुद्ध हेतूनं मी म्हणालो, "मग तुम्हीही मागा ना स्टूल."

शालनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी वर्षं हे वाक्य कुणी म्हणतंय याचीच त्या वाट बघत असाव्यात.

बुधवारी वर्क्स मॅनेजर देवधरसाहेबांचा निरोप आला. वाइंडिंगच्या पाच बायका स्टूल मागायला येणार आहेत आणि "आगाशेभाऊ म्हनले मागा" असं प्रत्येकीनं सांगितलंय. तेव्हा आगाशेंनी साडेबाराला केबिनमध्ये हजर राहावं. येताना ते स्टूलही आणावं.

साडेबारा ही माझी जेवून आडवं व्हायची वेळ. मी घाईघाईनं अर्धी पोळी गिळली, बाटलीतलं खारट पाणी घशाखाली ढकललं, तोंड वेडंवाकडं केलं आणि स्टूल काखोटीला मारून झोकांड्या खात निघालो. वाटेत आमचे जमादार सोपानराव उभे होते. रहाटणीचे, मिशीवाले, करारी गृहस्थ. त्यांनी माझ्या खिशातली चपटी पाहिली, माझं तोंड पाहिलं, मग माझी चाल पाहिली, आणि मान हलवली.

केबिनमध्ये देवधरसाहेब प्रसन्न होते. मुलगा त्याच दिवशी इंजिनिअर झाला होता. "आधी पेढा घ्या सगळ्यांनी," म्हणून त्यांनी बॉक्स पुढं केला. बायकांनी एकेक घेतला. माझ्यापुढं बॉक्स आला. नको म्हणालो असतो तर संपलं असतं. पण साहेबांचा मुलगा, साहेबांचा पेढा, आणि पेढे तांबूस रंगाचे, खरपूस, वेलदोडा घातलेले. ऑपरेशनच्या आधीच्या आगाशेनं दोन उचलले. ऑपरेशननंतरच्या आगाशेला ते खावे लागले.

बैठक सुरू झाली. शालनबाई बोलत होत्या, पोटऱ्या सुजतात, कंबर धरते, गरोदर बाया उभ्या असतात. साहेब ऐकत होते, म्हणजे घड्याळ बघत होते. पंधराव्या मिनिटाला माझ्या कपाळावर घाम आला. छातीत धडधड सुरू झाली. साहेबांच्या मागचा कंपनीचा तक्ता हलायला लागला आणि त्यातलं उत्पादन वर जाताना दिसू लागलं.

"हे पाहा," साहेब म्हणाले, "बायका बसल्या की गप्पा मारणार. प्रॉडक्शन खाली येणार. स्टूल वगैरे काही मिळणार नाही. मीटिंग संपली. या तुम्ही."

ते उठले. पाचही बायका उठल्या. मी उठलो नाही.

मला पक्कं ठाऊक होतं की या क्षणी उठलो तर सरळ साहेबांच्या अंगावर. अशा वेळी काय करायचं ते मी अनुभवानं शिकलो होतो. एका पायावर दुसरा पाय घट्ट दाबून धरायचा, मुठी आवळायच्या, नजर समोर एका ठिकाणी रोखायची आणि मनात पन्नास आकडे मोजायचे. समोर साहेब होते. मी पायावर पाय टाकला, मुठी आवळल्या आणि नजर त्यांच्यावर रोखली.

"आगाशे, मीटिंग संपली."

"हो, साहेब." (आठ. नऊ.)

"मग उठा."

"नाही, साहेब." (तेरा.)

"नाही? नाही म्हणजे?"

"साहेब, मी उठलो तर पडेन."

माझा आवाज त्या वेळी विहिरीतून आल्यासारखा येत होता. साहेबांच्या कानापर्यंत जाताना त्यातल्या एका अक्षराचं काहीतरी झालं.

"पडेल? काय पडेल? काम बंद पडेल? मला धमकी देतोस तू?"

खुलासा करायला मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी शालनबाईंनी उघडलं होतं.

"ऐकलं न्हवं गं? भाऊ उठले तर काम बंद पडंल! बसा खाली!"

पाचही जणी साहेबांच्या गालिच्यावर फतकल मारून बसल्या. काचेबाहेर डोकावणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि बातमी वाइंडिंग खात्यात गेली. बघता बघता उरलेल्या सतरा जणी केबिनच्या दारात येऊन बसल्या. अख्ख्या मजल्यावर उभे असलेले एकटे देवधरसाहेब.

(मी एकतिसाव्या आकड्यावर होतो.)

साहेबांनी घंटी दाबून जमादारांना बोलावलं. सोपानराव बायकांच्या मधून वाट काढत आले आणि त्यांनी सलाम ठोकला.

"यांना बाहेर काढा."

"सायेब, मी सांगनारच हुतो," सोपानराव खालच्या आवाजात म्हणाले. "आगाशेसायेब घेत्यात. दुपारच्याला. खिशात चपटी असती. शुद्धीत न्हाईत त्ये."

नोकरी जाणार हे मला स्वच्छ दिसलं. त्या वेळी मला स्वच्छ दिसत होती अशी ती एकच गोष्ट होती. वीस वर्षांची नोकरी, आणि जायचं कारण काय, तर दारू. आयुष्यात दारू म्हणून मी फक्त खोकल्याचं औषध घेतलं होतं, तेही चमच्यानं मोजून.

साहेबांनी स्वतः माझ्या खिशातली बाटली ओढून काढली. बूच काढून वास घेतला. कळेना. पुन्हा घेतला. मग एक मोठा घोट घेतला आणि पुढच्याच क्षणी तो टेबलावरच्या फायलींवर फवारला.

"मीठ! हे मीठ आहे!"

"लिंबूही आहे," मी म्हणालो.

शालनबाईंनी बाटली घेऊन हुंगली. "सायेब, ल्हान पोरास्नी जुलाब झाल्यावर देत्यात त्ये हाय ह्ये."

बायका हसल्या. साहेब लाल झाले. शेवटी त्यांनी कंपनीच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. डॉक्टर नीलिमा राजवाडे, वय असेल तिशीच्या आतबाहेर. आठवड्यातून तीन दिवस यायच्या. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला.

"बसल्यावर शहाण्णव. बरं. आता उभे राहा."

दिवसभरात उभं राहण्याची ही पहिलीच आज्ञा मी पाळली.

शुद्धीवर आलो तेव्हा मी देवधरसाहेबांच्या टेबलावर आडवा होतो. डोक्याखाली पेढ्यांचा बॉक्स होता आणि शालनबाईंनी माझे दोन्ही पाय हवेत धरून ठेवले होते. डॉक्टर माझ्यावर वाकल्या होत्या.

"उभं केल्यावर सत्तर. आगाशे, रोजची औषधं कोणती घेता?"

"बीपीची गोळी."

"बीपी वाढलेलं असतं त्याची?"

"ते ठाऊक नाही. बीपीची. आधी एक घ्यायचो. बीपी बिघडलं म्हणून दोन केल्या."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. "तुमचं बीपी कमी आहे. आणि तुम्ही बीपी कमी करायच्या गोळ्या घेताय? त्याही दुप्पट? तिसरी केव्हा सुरू करणार होतात?"

"सोमवारी," मी म्हणालो.

सोपानरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"या गोळ्या कुणी तपासल्याशिवाय एकही घ्यायची नाही. आज संध्याकाळीच सर्जनना भेटा, मी चिठ्ठी देते," डॉक्टर म्हणाल्या. मग त्या साहेबांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "सर, यांना निदान कारण तरी आहे. वाइंडिंगमध्ये गेल्या तीन महिन्यांत अकरा वेळा बायका चक्कर येऊन पडल्या. मी तीनदा लिहून दिलंय. उभ्यानं काम करणाऱ्यांची बसायची सोय करा, असं कायदाही सांगतो."

"पण डॉक्टर, प्रॉडक्शन..."

यानंतर जे झालं ते मी कसं केलं, हे मला अजून कळलेलं नाही. पाय वर असल्यामुळे बऱ्याच महिन्यांनी माझ्या डोक्यात पुरेसं रक्त आलं होतं, एवढाच त्याचा खुलासा. त्या अकरा वेळा मला एकदम आठवल्या. कारण त्या अकराही कार्डांवर मीच लाल शाईनं 'जागेवर नाही' असा शेरा मारला होता. बाई जमिनीवर पडलेली असायची आणि मी इकडे तिचा अर्धा तास कापत असे. नियमच तसा होता. मला कधी त्यात काही वाटलंही नव्हतं. स्वतः पडायला लागेपर्यंत.

"साहेब," मी आडव्यानंच म्हणालो, "मी टाइमकीपर आहे. मला एवढंच सांगा, बाई मशिनवर कोसळून पडते तेव्हा ती जागेवर असते की नसते? कार्डावर काय लिहू? मी आजपर्यंत खोटं लिहीत आलोय. यापुढे लिहिणार नाही. 'उभं राहून चक्कर आली' असंच लिहीन, लाल शाईत, आणि कारखाना तपासायला सरकारी साहेब येतील तेव्हा तीच कार्डं पुढं ठेवीन."

शालनबाईंनी माझे पाय जरा आणखी वर उचलले, बहुधा आदरानं.

देवधरसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते खुर्चीत बसले, दारातल्या बायकांकडे पाहत राहिले. एक बाई सात महिन्यांची गरोदर होती. तिच्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. मग पेन काढलं.

"किती स्टुलं लागतील?"

"बावीस," शालनबाई म्हणाल्या. "आन पाठ टेकायची."

"पाठ टेकायची," साहेबांनी लिहून घेतलं.

त्यानंतर जो आवाज झाला तो म्हणे गेटपर्यंत ऐकू गेला. बायकांनी मला टेबलावरून उतरवलं, पण पायावर उभं राहू दिलं नाही. मी आणलेल्या त्या स्टुलावर बसवून चौघींनी उचललं आणि वाइंडिंग खात्यातून टाइम ऑफिसपर्यंत मिरवत नेलं. मशिनं थांबली होती, लोक टाळ्या वाजवत होते. सोपानराव पुढं चालत वाट मोकळी करत होते. पासष्ट किलो झाल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधीच झाला नव्हता. शहाण्णव असतो तर त्यांनी मला जाग्यावरच शाबासकी देऊन सोडलं असतं.

घरी येऊन वासंतीला सगळं सांगितलं. गोळ्यांचं ऐकून ती आधी घाबरली, मग रडली आणि मग रागावली. "मला काय ठाऊक? मला वाटलं, बीपीची गोळी म्हटल्यावर वर न्यायचं की खाली ते गोळीला कळत असेल." संध्याकाळी सर्जननी गोळ्या बंद केल्या. मीठ-पाणी चालू ठेवलं, उठताना आधी बसायचं, मग पाय सोडायचे, मग उभं राहायचं, असं लिहून दिलं. पंधरा दिवसांत जग स्थिर झालं. मी झाडासारखा उभा राहू लागलो. पुढच्या महिन्यात बावीस स्टुलं आली, पाठ टेकायची, आणि शालनबाईंनी पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी इंदुताईला बसवलं. त्या दिवशी मी खिडकीशी मुद्दाम अर्धा तास उभा राहिलो. मजेत.

यानंतर युनियननं एक पत्रक काढलं. 'बसले ते जिंकले!' अशा मथळ्याखाली माझा फोटो. तो त्यांनी माझ्या जुन्या ओळखपत्रावरून घेतला होता. चांगले गोबरे गाल, भरदार मान, काळे कुळकुळीत केस. पत्रक पार दापोडीपर्यंत गेलं.

एका रविवारी दापोडीहून एक तरुण कामगार ते पत्रक हातात घेऊन आमच्या दारात आला. मी ओसरीवर बसलो होतो. एकतीस किलो गेल्यावर माझ्या गालांची कातडी कुठं जावं ते न कळून तिथंच लोंबत राहिली होती.

"नमस्कार, आजोबा," तो वाकून म्हणाला. "मी कोंडीराम. आमच्या गेटवर सभा आहे. आगाशेसाहेबांना भाषणाला बोलवायला आलोय." त्यानं पत्रकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही वडील ना त्यांचे? नाकावरून लगेच ओळखलं."

मी काही बोलणार एवढ्यात आतून वासंती पदराला हात पुसत बाहेर आली. "कोण आलंय हो?"

"नमस्कार, वहिनी," कोंडीराम म्हणाला. "सासऱ्यांशीच बोलत होतो."

वासंती जागच्या जागी थबकली. मग तिनं जे केलं ते लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं. डोक्यावरून पदर घेतला, लाजली आणि म्हणाली, "बसा ना, भावजी. हे जरा बाहेर गेलेत. चहा टाकते."

त्याला तिनं दोनदा चहा दिला आणि बरोबर बेसनाचा लाडूही. निघताना तो माझ्या पाया पडला. "मुलगा नाव काढतोय हो तुमचं," म्हणाला.

काय करणार? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "लहानपणापासूनच हुशार आहे."